सरळ घरी आणणारं यान

शाल्मलीने मागून बोटाने ढकललं, की यान सरळ जायचं सोडून उजवीकडे गिरकी घ्यायचं. सकाळपासून हाच तमाशा चालला होता. कॅरमबोर्डावर पावडर भुरभुरून झाली, यानाचं बूड पुसून झालं, तरी स्वारी आपली वळणावरच!

आणि आज तर ते भेट द्यायचं होतं. चंद्राजवळचं बचावयान चालवणाऱ्या झुलेखा मुकादम चिपळूणला शाल्मलीच्या घरी जेवायला आल्या होत्या. गेल्या महिन्यात बाबांच्या यानाचं इंजिन चंद्रापलीकडे बंद पडलं, तेव्हा त्याच त्यांना सुखरूप घेऊन आल्या. त्यांचे आभार मानायला बाजारातली वस्तू कशी चालेल? म्हणून शाल्मलीने ठोकळ्यांचं, अगदी स्वतःच्या डोक्यातलं यान बांधलं होतं. मागे इंजिन, पुढे शोध घ्यायला भलीमोठी काच, आणि बंद पडलेलं यान पकडायला उजव्या कुशीला चिमटा. चिमट्यात बाबांचं छोटं यान.

“मावशी, हे तुमच्यासाठी होतं. पण ते बिघडलंय,” ती रडवेली होऊन म्हणाली.

झुलेखामावशी हात पुसत बोर्डाशी बसल्या. “बघू या, घोडं कुठे पेंड खातंय ते. बाबांचं यान काढ आणि ढकल.”

आता यान नाकासमोर गेलं.

“बाबांना परत लाव, आणि सगळं एका बोटावर तोलून धर.”

बोट मधोमध ठेवलं तर यान उजवीकडे कललं. बोट बाबांच्या बाजूला सरकवलं तेव्हा कुठे ते स्थिरावलं.

“हे वस्तुमानकेंद्र, म्हणजे वस्तूचं सगळं वजन जिथे तोललं जातं ती जागा. ओझं उजवीकडे आलं तशी तीही उजवीकडे सरकली. इंजिन मात्र जुन्या मध्यावरूनच ढकलतंय. ताट एका कडेला ढकललं की गर्रकन फिरतं ना, तसंच.”

शाल्मलीने डावीकडे तेवढेच ठोकळे जोडले. यान सरळ गेलं आणि तिचा चेहरा खुलला.

“पण बाबांना आणायला निघशील तेव्हा चिमटा रिकामा असेल ना?” मावशींनी विचारलं.

तिने बाबांचं यान काढून ढकललं. आता गिरकी डावीकडे. घ्या!

शाल्मली बराच वेळ यान न्याहाळत राहिली. “चिमटा नाकावर लावला तर? इंजिन, यान, बाबा, सगळे एकाच रेषेत. मग ओझं असो-नसो, तोल त्याच रेषेवर राहील.”

पण नाकावर काच होती. तीच तर तिने सर्वांत मन लावून बसवली होती. तिने एक सुस्कारा टाकला आणि काच उचकटली. “छोट्या काचा दोन्ही कुशींना लावीन. शोध बाजूने बघूनही घेता येतो. आधी माणूस घरी यायला हवा.”

तिने डावीकडचे ठोकळे काढले, चिमटा नाकावर बसवून त्यात बाबांचं यान अडकवलं आणि ढकललं. समोर बसलेल्या बाबांच्या हातात यान अलगद जाऊन थांबलं.

“माझ्या यानाचा चिमटाही नाकावरच आहे,” मावशी म्हणाल्या. “कुणीतरी असंच डोकं खाजवून तो तिथे बसवला, म्हणून तुझे बाबा आले. त्या माणसाचं नावही मला ठाऊक नाही, आभार कुणाचे मानू? उद्या तू खरं यान बांधशील. कुणाची तरी माणसं घरी येतील, आणि त्यांना तुझं नाव ठाऊक नसेल. चालेल?”

“चालेल,” शाल्मली म्हणाली. “पण मला तुमचं नाव ठाऊक आहे, झुलेखामावशी. तुम्ही माझे बाबा आणलेत.”