डोळ्यांवरचा डबा

"हे तुम्ही मुद्दाम केलंत, वहिनी!"

तुम्ही!... ज्याचं नाक पुसलं, ज्याला बोटाला धरून शाळेच्या दारापर्यंत सोडलं, तापात ज्याच्या उशाशी ती बसून राहिली, तो तिचा धाकटा दीर आज तिला 'तुम्ही' म्हणत होता! फरशी पुसता पुसता तिचा हात तसाच थांबला. पोटातलं ढवळणं अजून थांबलं नव्हतं, कानांत शीळ वाजत होती, समोरची भिंत एका बाजूला कलत होती... पण त्या सगळ्यापेक्षा तो एक शब्द तिला जास्त लागला. खरेदीचे साहेब नुकतेच तरातरा निघून गेले होते. शहरातल्या सगळ्यात मोठ्या दुकानात कुठला माल ठेवायचा हे ठरवणारा माणूस तो. आणि त्याच्या चकचकीत बुटांवर वहिनीने... जाऊ द्या, सांगायलाही नको!

"अरे, मुद्दाम कुणाला ओकता येतं का?" ती कशीबशी म्हणाली.

"तुम्हाला तुमची खिडकी परत हवी होती! मग सरळ मागायचीत. त्या माणसासमोर माझं तोंड काळं कशाला केलंत? जाताना काय म्हणाला ऐकलंत ना? 'ही वस्तू घरोघरी जायची नाही!'"

दाराशी खुर्चीत बसलेला तिचा नवरा ताडकन उठला. त्याने तोंड उघडलं... आणि तिने झटकन त्याची बाही धरली. डोळ्यांनीच म्हणाली, नको. तुम्हाला माझी शप्पथ. तो तसाच उभा राहिला, मग ओठ मिटून खाली बसला.

आता ही खिडकीची भानगड काय, ते सांगायला हवं.

वहिनी रफूचं काम करायची. फाटका कोट, कसर लागलेली शाल, सिगारेटने भोक पडलेली पँट, काहीही द्या; कुठे फाटलं होतं ते शिवणाऱ्यालाही सापडू नये असं काम! पण त्या कामाला उजेड लागतो, आणि उजेड होता फक्त पुढच्या खोलीतल्या रस्त्याकडच्या खिडकीत. तिथेच तिचं मशीन, तिथेच तिच्या दोऱ्यांचा डबा. नवरा पंपहाऊसवर पाणी सोडायच्या कामाला. तो अबोल, सरळ, आल्या पाळीला हजर. आणि धाकटा मात्र लहानपणापासून एका जागी स्थिर म्हणून नाही. तिनेच त्याचं नाव ठेवलं होतं भिंगऱ्या. सासू आधीच गेलेली. पोटी लेकरू झालं नाही, पण त्याची खंत करत बसायला तिला सवड कुठे होती? हा होता ना!

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नोकरी करता करता भिंगऱ्याने कुठल्याशा प्रदर्शनात डब्यासारखा दिसणारा, आत चहूकडे हलतं चित्र दाखवणारा हेडसेट डोळ्यांवर चढवला आणि त्या दिवसापासून त्याचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. "वहिनी, टीव्ही जसा घरोघरी गेला ना, तसा हा जाणार बघ! ज्याला समुद्र बघणं परवडत नाही तो घरात बसून समुद्र बघेल. अंथरुणाला खिळलेली माणसं डोंगर चढतील!" 

"घोड्याला झापडं लावतात, तसलंच दिसतंय की हे," थोरला म्हणाला.

"हस तू दादा. फ्रिजलाही लोक हसलेच असतील."

त्याला दुकान हवं होतं आणि रस्त्याकडची एकच खोली होती. त्याने मागितली नाही हो! नुसता त्या खिडकीकडे बघून गप्प बसला. दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत वहिनीने मशीन ओढत ओढत मागच्या बोळकांडीत, हात धुवायच्या बेसिनशेजारी नेऊन लावलं. "उजेडाचं काय घेऊन बसलास! दिवा लावीन," म्हणाली. आनंदाने त्याने तिला उचलून गरकन फिरवलं... तेव्हाही तिला घेरी आली होती. तिला पाळण्यात बसणंसुद्धा कधी सोसलं नव्हतं.

पहिला हेडसेट त्याने तिच्याच डोळ्यांवर चढवला. आत नाव होती, पाणी होतं, नाव वर जात होती, खाली येत होती, आणि तिचं आतडं न् आतडं तिच्यासोबत वरखाली होत होतं. डबा काढला तेव्हा समोर भिंगऱ्याचा चेहरा होता. चित्र काढून आणलेलं पोर जसं 'कसं झालंय' म्हणून तोंडाकडे बघतं, तसा बघत होता...

"मज्जा वाटली रे!" ती म्हणाली.

झालं! त्या एका खोट्यावर सगळी इमारत उभी राहिली. "वहिनीला जमलं म्हणजे जगाला जमलं!" तो ओरडला, आणि हीच त्याची विकायची रीत झाली. गिऱ्हाईक आत आलं की बोळकांडीतून वहिनीला हाक. "ही बघा आमची वहिनी. रफू करणारी साधी बाई! ती रोज घालते, मग तुम्हाला काय अवघड?" आणि वहिनी हसत हसत तो डबा चढवायची. मान वळवली तर जास्त ढवळेल, या भीतीने आपली नाकासमोर बघत ताठ बसायची आणि मध्येच "अगं बाई, मासा!" असं म्हणायची. जिभेखाली लिंबाची फोड. गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूला वळलं की ती गुपचूप बेसिन गाठायची. नंतर सुईच्या नेढ्यात दोरा जायला दुपार उलटायची. टाका वाकडा पडायचा. एका जुन्या गिऱ्हाइकाने कोट परत आणून टाकला. "बाई, काम दिसतंय तुमचं," तो म्हणाला. तोवर तिचं काम कुणाला दिसलं नव्हतं, हीच तर तिची ख्याती होती! त्या दिवशी ती मशीनवर डोकं टेकून पुष्कळ रडली, आणि कुणाला कळू दिलं नाही.

कुणाला म्हणजे, एका माणसाला कळलं होतं. रात्रपाळी करून आलेला नवरा बोळकांडीच्या दाराशी खुर्ची टाकून पेंगायचा; बेसिनवर वाकलेली ती त्यालाच दिसायची. "सांगून टाक ना त्याला," तो म्हणायचा. "नाही हो! त्याचा हुरूप मोडेल," ती म्हणायची.

दुकान काही चालेना. लोक येत, हौसेने डबा चढवत, 'वा! वा!' करत, आणि मग... "छान आहे. घरी विचारून सांगतो." कोणी परत फिरकायचं नाही. भिंगऱ्याने तर्कांवर तर्क केले. जड आहे म्हणून असेल, केस विसकटतात म्हणून असेल, चष्म्यावर बसत नाही म्हणून असेल. वहिनीने डब्याच्या आतल्या कडेला लावायला मऊ मखमलीच्या गाद्या शिवून दिल्या. मग त्याने चारी बाजूंना डोळे असलेला एक कॅमेरा आणला. "लोकांना समुद्र नको असेल, तर त्यांना घर दाखवू! आपल्यासारखं साधं घर!" खोलीच्या मधोमध कॅमेरा उभा करून त्याने चित्रण केलं. पुढे तो स्वतः बोलतोय, शेजारी वहिनी डबा घालून हसतेय, "मज्जा वाटते हो!" म्हणतेय. आपलं वाक्य झालं तशी ती कॅमेऱ्याच्या मागून निघून गेली. त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी हेच घर दाखवायचं, असं त्याने ठरवूनच टाकलं.

तरी कोणी घेईना. उलट डबा काढून ठेवताना लोक वहिनीकडे कसंसंच बघू लागले. एका नर्सबाईने तर जाता जाता तिचा हात हातात घेऊन दाबला. "जपा हो," म्हणाली. वहिनीला वाटलं, धंदा बुडतोय त्याची कीव करतेय बिचारी.

आणि मग ते साहेब आले. त्या दिवशी तिच्या अंगात कणकण होती, पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि भिंगऱ्याने नावेची ती उसळती फिल्म लावली... पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

भिंगऱ्या त्याच संध्याकाळी एक खोका उचलून निघून गेला. थोरला दारापर्यंत गेला. "अरे, ऐक तरी—"

"तू कधी बोललास माझ्या बाजूने, दादा? आजच बोलू नकोस."

खिडकी तिला परत मिळाली. मशीन पुन्हा उजेडात आलं. पण उजेडाला घेऊन करायचं काय? तिची गिऱ्हाइकं पांगली होती, आणि फाटलेलं सांधून वापरायचे दिवसही सरत चालले होते. दारात पाऊल वाजलं की ती सुई थांबवायची. नवरा काही विचारायचा नाही. फक्त जेवताना रिकाम्या पाटाकडे बघायचा. "मी त्या दिवशी बोलायला हवं होतं," एकदाच म्हणाला. "माझी शप्पथ होती ना तुम्हाला," ती म्हणाली, आणि ताटं उचलू लागली.

अशीच बरीच वर्षं गेली, आणि एके दिवशी पंपहाऊसवरच, झडप बंद करता करता नवरा गेला. भिंगऱ्या आला. भावाला खांदा दिला. गर्दीच्या कडेला उभा राहून ढसाढसा रडला, आणि वहिनीकडे मान वर करून न बघता निघून गेला. तिने हाक मारायला तोंड उघडलं होतं... पण तोवर तो गर्दीआड झाला होता.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका दुपारी, ती खिडकीत बसून स्वतःचंच एक पोलकं सांधत होती. दारात सावली पडली. बघते तो भिंगऱ्या! केस पांढरे व्हायला लागलेले, अंगात कुठल्याशा गोदामाचा गणवेश, हातात तोच खोका. आत आला आणि उंबऱ्याजवळ खालीच बसला.

"वहिनी..." त्याने खोका पुढे सरकवला. "दादाला बघायचं होतं गं मला. फोटोत तो हलत नाही. मग आठवलं, त्या घराच्या फिल्ममध्ये दादा खुर्चीत बसला होता. इतक्या वर्षांनी तो डबा बाहेर काढला. खुर्ची होती मागे, बोळकांडीच्या दाराशी. म्हणून मी मान वळवली..."

"मग?"

"त्या फिल्ममध्ये मी कधी मान वळवलीच नव्हती, वहिनी! दर वेळी समोर बघायचो. मी कसा दिसतोय, कसा बोलतोय... एवढंच बघत बसलो. आणि मागे तू होतीस. बेसिनवर वाकून... एका हाताने भिंत धरून..." तो ओंजळीत तोंड घालून हमसून हमसून रडू लागला. "कॅमेऱ्याला चारी बाजूंना डोळे होते गं! मलाच नव्हते!"

वहिनी थिजली. कॅमेरा आपला पुढे बघतो, एवढंच तिला ठाऊक. म्हणून तर ती त्याच्या मागे गेली होती!

"म्हणजे... लोकांना दिसायचं ते?"

"सगळ्यांना! घरात गेलेला माणूस चहूकडे बघतोच ना? समोर मी ओरडतोय, बघा किती सोपं, किती मजेचं... आणि मागे तू ओकतेयस. मग कोण घेईल? आणि एकाही माणसाने मला सांगितलं नाही. त्यांना वाटत असेल, याला ठाऊकच असेल... घरातल्या बाईला हा असाच राबवत असेल! आणि मी तुला म्हटलं, मुद्दाम..." त्याने तिचे पाय धरले. "मार मला वहिनी! पूर्वी मारायचीस तशी मार!"

तिने हात उगारला नाही. त्याच्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांवर तो ठेवला. "तुझा एकट्याचा दोष नाही रे वेड्या," ती म्हणाली, "पहिल्याच दिवशी मी म्हणाले असते, बाबा, मला घेरी येते, तर तूही सावध झाला असतास. मला वाटलं, मी तुझ्यावर माया करतेय. तुझ्या डोळ्यांवरचं झापड मीच शिवून दिलं, आणि वर मखमलही लावली!" आणि मग दोघं मिळून रडले. इतक्या वर्षांचं साचलेलं रडू ते, ते काय लवकर ओसरतं?

डोळे पुसून झाल्यावर ती म्हणाली, "दाखव मला."

"नको गं! तुला सोसायचं नाही."

"नाही सोसलं तर नाही सोसलं. आता कुणापासून लपवायचंय? दाखव मला ते."

त्याने हलक्या हाताने डबा तिच्या डोळ्यांवर चढवला. तिनेच शिवलेली मखमल कपाळाला लागली. समोर तरणाबांड भिंगऱ्या हात उडवत बोलत होता. तिचं पोट ढवळू लागलं. खुर्चीचा हात घट्ट धरून, आयुष्यात पहिल्यांदा, तिने त्या डब्यात मान वळवली.

बेसिनवर एक बाई वाकलेली होती. आणि खुर्चीतून तो उठत होता... तिचा माणूस! तोच चुरगळलेला शर्ट, तेच झोपेने जडावलेले डोळे. तो आला, त्याने त्या बाईच्या पाठीवर हात ठेवला, दुसऱ्या हाताने तिचं कपाळ धरलं. मग त्याने मान वर केली, समोर कॅमेऱ्यातच डोळे घालून बोलणाऱ्या भावाकडे पाहिलं आणि हाक मारायला तोंड उघडलं.

त्या बाईने झटकन त्याची बाही धरली.

"अगं सोड!" वहिनी ओरडली. "सोड ती बाही! बोलू दे त्यांना... अहो, बोला ना! नका ऐकू माझं, बोला!"

तो बोलला नाही. त्याने ओठ मिटले, खुर्चीत जाऊन बसला, आणि तिथे ते चित्र संपलं.

डोळ्यांपुढे अंधार झाला, सगळी खोली गरगर फिरू लागली, आणि ती तोल जाऊन पुढे वाकली. तेवढ्यात कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या हाताने तिचं कपाळ धरलं. "हळू, वहिनी. हळू... मी आहे."

डबा काढायला तो पुढे झाला, तसा तिने त्याचा हात अडवला.

"राहू दे रे," ती म्हणाली. "पुन्हा लाव. त्यांनी तोंड उघडलं ना, तिथपर्यंतच लाव."