मथुरेचा पंप

माझी बायको मथुरा गेल्याचं मला कळलं तेव्हा मी घरात तिच्या साड्या पिशवीत भरत होतो. आठ दिवस ती इस्पितळात होती आणि धुतलेल्या साड्या आणायला तिनेच मला घरी पाठवलं होतं. फोन तिच्या भावाचा, बाबलीचा होता. तो नुसता रडत राहिला. शेवटी मीच फोन ठेवला.

थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. या वेळी कुणी बाई होत्या, ऑफिसातलं मराठी बोलणाऱ्या.

"मथुरा परब यांच्या नावे सौर पंप मंजूर झाला आहे. त्या आहेत का?"

"घरात नाय," मी म्हटलं.

"मग त्यांना निरोप द्याल?"

"देतंय."

तो पंप जुव्यावर नेऊन चालू करायचा, एवढ्याचसाठी आम्ही तिघं निघालो होतो.

जुवा म्हणजे आमच्या खाडीतलं बेट. तिथे सहा घरांची जमीन आहे आणि मधोमध गोड्या पाण्याची तळी. पावसाळ्यात भात होतं. पुढे आठ महिने सगळं पड. डिझेलचा पंप दोनदा आणला, दोनदा बंद पडला, आणि डिझेलचे कॅन होडीतून नेऊन नेऊन माणसं कंटाळली. मथुरेने अकरा बायका गोळा केल्या. लाल भाजी, वाल, भेंडी लावायची म्हणाली. मी हसलो तेव्हा ती म्हणाली, "सूर्याक खंय डिझेल घालूचा लागता?" अर्ज तिनेच भरला.

सामान यायला जानेवारी उजाडला. महिनाअखेरपर्यंत पंप बसवून, पाणी पडतानाचा फोटो संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा, नाहीतर सगळा संच यादीतल्या पुढच्या गावाला जाणार होता. लोखंडी सांगाडा आम्ही आधी नेऊन उभा केला होता. सहा पॅनेलं आणि मोटर राहिली होती, आणि हाती शेवटचा दिवस.

मी, बाबली आणि तन्वी. तन्वी जामसंड्याची. पंप जोडायला आलेली चोवीस वर्षांची मुलगी, पाठीवर हत्यारांची पिशवी. बाबली काजूच्या कारखान्यात असतो. होड्या त्याने मागून आणलेल्या. दोन होड्या शेजारी शेजारी ठेवून बांबूंनी आणि सुंभाने बांधल्या होत्या, आणि मधल्या बांबूंवर पॅनेलं.

जुव्याला जायची वाट खारफुटीच्या झाडांमधून आहे. ती अरुंद, उथळ. खाडी पूर्ण भरलेली असेल तेव्हाच तिथून भरलेली होडी जाते. भरतीची वेळ आमच्याकडे तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं. जो आकडा येईल तितक्या वाजता खाडी भरलेली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.

"भावजी, आज तिथी खयची?" बाबलीने विचारलं.

"द्वादशी. बारा पाऊणे नऊ. नऊक भरती."

त्याने पुढे विचारलं नाही. आमच्या घरची तिथी कधी चुकत नसे. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर मथुरा गेली त्या ऑक्टोबरवरच राहिलं होतं. पान उलटायला माझा हात गेला नव्हता. मी अमावास्येपासून दिवस बोटांवर मोजत आलो होतो.

सव्वासातला निघालो. धुकं इतकं होतं की बाबली होडीच्या मागच्या टोकाला बसलेला, तरी मला त्याचा नुसता आवाज येत होता. पाणी हलत नव्हतं. पॅनेलांवर दव धरलेलं. वल्हं पाण्यात जाई आणि बाहेर येई, आणि आपण पुढे जातोय की तिथेच आहोत हे कळत नसे. ती गेल्यापासून माझी झोप आणि जाग यांत फारसा फरक उरला नव्हता. त्या सकाळी तर मुळीच नाही. दोन पाणमांजरं जवळून पोहत गेली. तन्वी हळूच म्हणाली, "काका, बघा." मला वाटलं, मथुरा मागे बसली आहे आणि आता म्हणेल, पुरे झाला, परत चला. पण म्हणाली नाही.

धुक्यात वाट चुकली. खारफुटीच्या तोंडाशी आलो तेव्हा पावणेनऊ झाले होते.

"पाव तास आसा अजून," मी म्हटलं. आत शिरलो.

बाबलीने डबा उघडला. "घे गो, तांदळाची भाकरी. चटणी तिखट आसा, रडशीत."

"नको मामा, उपास आसा."

"कसलो उपास?"

"एकादशी मा आज!"

मी वल्हं थांबवलं. "काल झाली एकादशी."

"नाय हो. गेल्या आठवड्यात दोन दिवस षष्ठी होती ना, आमच्या आईन कॅलेंडर बघून सांगितला."

षष्ठी दोन दिवस! मी ती दोन तिथ्या म्हणून मोजली होती. अकरा पाऊणे सव्वाआठ. भरती होऊन अर्धा तास उलटला होता! मी पाण्याकडे पाहिलं. एक पिवळं पान आमच्या समोरून खाडीकडे चाललं होतं. उलटं.

"सुकती लागली रे!" मी ओरडलो. "पाणी मागे जाता!"

"फोनात भरतीची येळ दिसता, काका!"

"मगे आदी कित्या नाय बघलंस?" बाबली खेकसला.

"काकांनी इतक्या खात्रीन सांगितला!"

आम्ही वल्ही मारली. जोर लावला. शंभर पावलं गेलो असू. खसकन आवाज झाला! डावी होडी चिखलात बसली. उजवी अजून तरंगत होती आणि ओहोटी तिला मागे ओढत होती. बांबू वाजू लागले. सुंभ ताणलं.

"मधी जा! पॅनेलां धर!"

तन्वी बांबूवर उभी राहिली. वरचं पॅनेल घसरत होतं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं. तेवढ्यात सुंभ तुटलं!

ती पॅनेलासकट पाण्यात गेली. ओढ मोठी होती. मी उडी टाकली. छातीपर्यंत पाणी, खाली चिखल. कालवांच्या धारदार शिंपांनी पाय कापले. एका हातात तिचं मनगट आलं, दुसऱ्या हाताला पॅनेलची कड लागली. पाणी दोघांना खारफुटीच्या मुळांत ओढत होतं.

"सोड ता!" मी ओरडलो.

"सहावा आसा काका!"

"सोड म्हणतंय ना!"

तिने सोडलं नाही. मग मी माझा हात कडेवरून काढला आणि दोन्ही हातांनी तिला ओढलं. पॅनेल तिच्या हातून सुटलं. एकदा उलटं झालं, काळंनिळं, आणि मुळांखालच्या खोल डोहात गेलं.

बाबलीने दुसरी होडी एका झाडाला बांधून धरली होती. "पाच आसत," तो म्हणाला. "मोटर आसा. पोरगी आसा."

तन्वीला हुंदका आला. "माझ्यामुळे गेला."

"माझ्यामुळे," मी म्हटलं. "तिथी माझी चुकली."

तासाभरात पाणी संपलं. दोन्ही होड्या चिखलात आडव्या. पुढची भरती रात्री साडेआठच्या पुढे. पाचच्या आत फोटो पाठवायचा तर एकच मार्ग होता.

होडीतल्या फळ्या काढल्या. एक फळी पुढे टाकायची, तिच्यावर चालायचं, मागची उचलून पुढे टाकायची. दोघांच्या मध्ये एक पॅनेल. तीनशे पावलांची वाट. फळीवरून पाय गेला की मांडीपर्यंत आत! दुसऱ्या खेपेला मी कमरेपर्यंत रुतलो.

"हलू नकात!" बाबली ओरडला. "भावजी, तुमका काढूक आणि एक योजना मंजूर करून घेवची लागात!"

मी हसलो. चिखलात रुतून हसलो. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा हसलो असेन. मग त्याने फळी माझ्या काखेखाली सरकवली आणि ओढून काढलं.

पाच खेपा पॅनेलांच्या, एक मोटरची. जुव्यावर सगळं पोचलं तेव्हा एक वाजून गेला होता. तन्वीने काही खाल्लं नव्हतं. कपडे अंगावर वाळत होते. ती नुसती तारा जोडत राहिली.

"पाचांवर चालात?" मी विचारलं.

"चालात. पण जोर कमी."

साडेतीनला तिने बटण दाबलं. मोटर गुणगुणली. पाइप हलला, त्याने हवा सोडली, गढूळ पाणी थुंकलं आणि मग स्वच्छ धार पडू लागली. धूर नाही, धडधड नाही. तळीतलं पाणी आपणहून शेतात चालत जावं तसं जात होतं. बाबली धारेखाली बसला. मी कडेला बसलो आणि बराच वेळ बघत राहिलो. ऊन पाठीवर होतं. तेच ऊन पंपही चालवतंय, असं सारखं वाटत होतं.

तन्वीने बाबलीच्या फोनवरून फोटो पाठवला. खाली लिहिलं, पाच बसवली, एक नेताना वाहून गेलं. मी म्हटलं, लिही तसंच. पंप राहिला, सहावं पॅनेल योजनेतून पुन्हा मिळणार नाही असं उत्तर आलं.

आता जुव्यावर लाल भाजी आहे, वाल आहे. दहा बायकांच्या वाफ्यांना पाणी पोचतं. वरच्या अंगाला अकराव्या बाईची, सावित्रीवहिनींची, सहा गुंठे जमीन आहे. पाच पॅनेलांवर पाणी तिथवर चढत नाही. तिथे अजून काही लावलेलं नाही.