चारही दारं एकदम

विसरवाडीच्या चौफुलीवर पाण्याची बाटली घ्यायला म्हणून चेतना गाडीतून उतरली, दार लोटलं, आणि मागून आवाज आला – खट्. चारही दारं एकदम बंद. किल्ली आतच, इंजिन सुरू, आणि मागच्या सीटवर पाय मोडलेलं एक करडू काचेला नाक लावून तिच्याकडे बघत होतं.

चेतना जनावरांची डॉक्टर. धानोऱ्याहून रोज वडिलांच्या जुन्या पांढऱ्या गाडीनं ती नवापूर तालुक्यातल्या दवाखान्यात यायची. आज वाटेतल्या पाड्यावरच्या रूपलीबाईनं हे करडू तिच्या स्वाधीन केलं होतं, प्लास्टर घालायला. फेब्रुवारी संपत आलेला, उन्हाला धार चढलेली. तिनं चारही दारं ओढून पाहिली. चार ट्रकवाले जमले. एकानं तर दगडच उचलला.

"काच त्याच्या अंगावर पडेल. ठेवा तो दगड," मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं.

रस्त्यापलीकडे गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. त्याचा मालक, हेमराज, बाह्या दुमडून येत होता. हातात लाकडाची पाचर आणि वाकवलेली सळई. दाराच्या फटीत पाचर सरकवून त्यानं सळई आत घातली. पहिल्यांदा ती निसटली, दुसऱ्यांदाही निसटली, मग कुठे दार उघडलं. करडाला बाहेर काढताच त्यानं हेमराजची कॉलर तोंडात धरली आणि सोडेचना.

"डॉक्टर तुम्ही," काचेवरचं डॉक्टरचं चिन्ह बघत तो म्हणाला, "आणि पेशंट माझ्याकडे."

चेतनाला हसू आलं. कॉलर सोडवताना तिची बोटं त्याच्या मानेला लागली... दोघांनीही लागली नाहीत असं दाखवलं.

संध्याकाळी परतताना ती दुकानापुढे थांबली. सेंट्रल लॉक बरेच दिवस असं वेड्यासारखं करत होतं. मनात आलं की बंद, मनात आलं की उघडं. हेमराजनं ऐकून घेतलं आणि सांगितलं की, चालकाच्या दारातली मोटर गेलीय. हे दार सांगतं आणि बाकीची तिन्ही ऐकतात; सांगणारंच बिघडलं तर ऐकणाऱ्यांनी काय करायचं? मोटर सुरतेहून मागवावी लागणार होती.

मोटर येईपर्यंत थांबायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण चेतना रोज थांबायची. मोटर आली का, एवढंच विचारायला. आणि मग चहा यायचा.

बोलता बोलता तिला कळलं की, तो चिंचपाड्याच्या आतल्या बाजूच्या एका गावचा. लहानपणी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जायचा. तिथेच बारडोलीच्या एका गॅरेजात वायरी ओळखायला शिकला. तिकडे काम भरपूर होतं, तरी तो परत आला. का, असं तिनं विचारलं तर म्हणाला, तिकडे सगळे नुसतं 'ए छोकरा' म्हणायचे. आपल्या नावाची पाटी आपल्या रस्त्यावर लावावी असं वाटलं. चेतनानं त्याला आप्पांबद्दल, म्हणजे वडिलांबद्दल सांगितलं. सुकलाल पाटील, तापीकाठचा जुना शेतकरी. मिरच्या विकून घेतलेली ही गाडी त्यांचा जीव की प्राण, पण आता नजर अधू झाली होती. आणि बदलीबद्दलही सांगितलं. घराजवळची बदली तिनंच मागितली होती आणि ती झालीही होती. आता गाडी लागणार नव्हती म्हणून भाऊ अजितनं तिला गिऱ्हाईक पाहिलं होतं. लॉक नीट झालं की गिऱ्हाईक गाडी नेणार होतं.

हेमराजच्या हातातली पक्कड थांबली.

"म्हणजे मी गाडी नीट केली की..."

"हो," ती म्हणाली. पुढचं दोघांनीही पुरं केलं नाही.

मोटर आली. त्यानं बसवली. दोन दिवस गाडी शहाण्यासारखी वागली आणि तिसऱ्या दिवशी खांडबाऱ्याच्या बाजारात पुन्हा खट्! चेतना आली ती हसतच.

"मुद्दाम तर नाही ना ठेवलीत अशी?"

तिला गंमत करायची होती. पण त्याचा चेहरा उतरला.

"मी काम मुद्दाम बिघडवत नाही, मॅडम. तुम्ही जाऊ नये असं वाटलं तरीसुद्धा नाही." मग जरा थांबून म्हणाला, "माझं चुकलं. जुनी मोटर चांगलीच होती. खोट दुसरीकडेच आहे."

चेतनाचे कान तापले. एवढ्या बोलण्यातलं नेमकं मधलंच वाक्य तिच्या मनात राहिलं.

खोट शोधायला तो चालकाच्या सीटवर बसला, ती शेजारी टॉर्च धरून. त्यानं दार ओढून घेतलं आणि – खट्. दोघं आत. तिनं खटका वर ओढला. तो पुन्हा खाली. पुन्हा ओढला, पुन्हा खाली. ती खळखळून हसली, तोही हसला. मग हसणं विरलं आणि गाडीत एकदम फार शांत झालं. बाहेरून ट्रक जात होते, काचा हलक्या थरथरत होत्या. त्याच्या अंगाला साबणाचा आणि तापलेल्या तांब्याचा वास होता.

"फ्यूज काढला की थांबेल ना हे?" तिनं हळूच विचारलं.

"थांबेल."

"कुठे असतो तो?"

"इथेच. माझ्या गुडघ्यापाशी." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "काढू?"

चेतनानं टॉर्च विझवला.

"थोड्या वेळानं..."

काचेवर उतरतं ऊन होतं. कुणी कुणाला हातही लावला नाही. तिनं फक्त विचारलं की, मघाशी बोललात ते खरं का? तो म्हणाला, खरं. आणि तेही खोटं नाही की तुम्ही पाटलांच्या, मी डोंगरातला. तिनं टॉर्च पुन्हा लावला. त्यानं फ्यूज काढला.

खोट सापडली ती दार आणि गाडीच्या मधल्या रबरी नळीत. दर वेळी दार उघडलं की एक वायर वाकायची. वाकून वाकून तिची साल गेली होती. ती उघडी तार शेजारच्या तारेला टेकली की दारं बंद. हेमराजनं ती बदलली. चोख काम केलं.

गाडी विकली गेली. चेतना बदलीच्या ठिकाणी रुजू झाली, आता घरापासून अगदी हाकेच्या अंतरावर. आठवडाभर तिचं जेवणात लक्ष नव्हतं. एका सकाळी ओट्यावर बसलेल्या आप्पांनी तिला शेजारी बसवलं.

"गाडी गयी म्हनीसन इतलं वाईट वाटी ऱ्हायनं का तुले?"

"गाडीसाठे नही, आप्पा."

"मंग?"

तिनं सांगितलं. नाव, गाव, सगळं. आप्पांनी मान अंगणाकडे वळवली. तिला वाटलं, आता उठून जातील. पण ते उठले नाहीत.

"भाऊबंद बोलतीन," ते म्हणाले.

"बोलतीन."

"पहिले त्याले तं इचार. तो नही म्हने, तं मी उगाच भाऊबंदस्नासंगे भांडी बसू."

चेतनानं वाकून त्यांचा सुरकुतलेला हात घट्ट धरला.

रविवारी ती एसटीनं विसरवाडीला उतरली. हेमराज एका पिकअपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून होता. चाहूल लागली तसा वळला, आणि तिच्यामागे गाडी शोधू लागला.

"गाडी विकली," ती म्हणाली.

"मग... काय बिघडलंय?"

"काही नाही. काहीच बिघडलेलं नाही, तरी आले." ती एक पाऊल पुढे आली. "लग्न करशील माझ्याशी?"

तो फडक्यानं हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"आमच्यात मागणी घालायला पोराकडची माणसं येतात," तो हळूच म्हणाला. "तू एकटीच आलीस. तीही एसटीनं."

"मग परत जाऊ?"

"जाऊ या. मी येतो बरोबर." त्यानं फडकं खाली ठेवलं. "आप्पांपुढे मलाच विचारू दे."

त्यानं पिकअपवाल्याला दुपारनंतर यायला सांगितलं, शर्ट बदलला आणि मोटारसायकल काढली. मागे बसताना तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चौफुलीवरच्या चहावाल्यानं पाहिलं, टपरीवरच्यांनी पाहिलं, थांबलेल्या एसटीतल्या निम्म्या लोकांनी पाहिलं... तिनं हात काढला नाही.