सातव्या नंबरचा खड्डा

"तीनशे बारा पानं! आणि हरकत घ्यायची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत!" ढापण्यानं जाडजूड फाईल टेबलावर आपटली.

"मग रडतोस काय? शंभर तू वाच, शंभर मी, उरलेली गोगलगायीला," भिंगरीनं फर्मान सोडलं.

"म्हणजे मला एकशे बारा? सगळ्यात हळू वाचणाऱ्याला सगळ्यात जास्त?" गोगलगाय कुरकुरला, पण बिचारा वाचायला बसला.

भिंगरीची आत्या राखीव पाणथळीची रखवालदार. सुट्टी लागली की या तिघांचा मुक्काम आत्याच्या टेहळणी मनोऱ्यावर! आता त्याच पाणथळीला लागून, लव्हाळ्यांच्या पट्ट्यात, भलामोठा मॉल आणि आठशे गाड्यांचा तळ होणार होता. पट्ट्यातलं पाणी झिरपत पाणथळीत जातं. पट्टा बुजवला तर पाणथळ दोन वर्षांत आटेल, असं आत्यानं सांगितल्यापासून भिंगरीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. प्रस्तावाची फाईल कार्यालयात कोणालाही वाचायला ठेवली होती, आणि अख्ख्या गावातून वाचायला आली होती ही तीन टाळकी!

"घरी जा रे! हरकती मोठी माणसं घेतात," कारकून खेकसला.

"नियमात 'कोणीही' असं लिहिलंय, काका. पान दोन!" ढापण्या म्हणाला. काकांनी गुपचूप चहात तोंड घातलं.

तासाभरानं गोगलगायीचं बोट एका तक्त्यावर थांबलं. "ए, हे बघा. बारा ठिकाणी दोन-दोन मीटर खोल खड्डे खणले. सगळीकडे कोरडी, टणक जमीन. माणसं दोन. वेळ, सकाळी दहा ते अकरा."

"बारा खड्डे एका तासात? पाच मिनिटांना एक?" ढापण्यानं चष्मा वर सरकवला. "माणसं होती की घुशी?"

"आणि नकाशात हा सातवा बघा! इथं तर पाणकोंबड्या पोहतात!" भिंगरी ओरडली. "चला, उठा!"

ढापण्यानं नकाशा वहीत उतरवून घेतला आणि तिघांनी सायकली पिटाळल्या त्या थेट आत्याकडे. आत्यानं आधी "माझ्या पुढं एक पाऊल टाकायचं नाही" असं बजावलं आणि मग चिखलावर फळी टाकत ती स्वतः पुढं निघाली. सातव्या जागी भिंगरीनं बांबू खुपसला. गुडघाभर पाणी, त्याखाली लोण्यासारखा चिखल! बांबू खाली खाली जातच राहिला. बारापैकी नऊ जागा अशाच निघाल्या. खणल्याची खूण तर एकाही ठिकाणी नव्हती. ढापण्यानं सगळी मापं कागदावर उतरवली.

तीन वाजता मंजुरी देणारी समिती जागा पाहायला आली. हरकती लिहून घ्यायला कारकूनही सोबत होता. मॉल बांधणाऱ्या कंपनीचे साहेब गाडीतून उतरले आणि रस्त्यावरूनच हात फिरवत म्हणाले, "बघा, ठणठणीत कोरडी जमीन! आत जायची गरजच नाही."

सदस्यांनी माना डोलावल्या. एकानं तर पाहणीच्या कागदावर सही करायला पेनसुद्धा काढलं! भिंगरीला राहवेना.

"साहेब, सातवा खड्डा कुठं खणला होता, दाखवता?"

"ही कोण आगाऊ कार्टी?"

"हरकत घेणारी!"

साहेबांचा पारा चढला. "अगं, मी स्वतः उभा होतो तिथं!"

"मग दाखवाच," समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "मलाही पाहायचाय."

नकाशा नाचवत साहेब तावातावानं निघाले.

"साहेब, थांबा! फळीवरून चला, रुताल!" आत्या ओरडली.

"मला शिकवू नका!"

तिसऱ्या पावलाला पचाक! चौथ्याला साहेब मांडीपर्यंत आत! लव्हाळ्यातून एक पाणकोंबडी कलकलाट करत पळाली. आत्यानं झटकन फळी सरकवली, आणि तिनं अन् भिंगरीनं मिळून साहेबांना ओढून काढलं. एक बूट मात्र चिखलानं ठेवून घेतला.

"तुम्ही इथं उभे होतात ना?" अध्यक्षबाईंनी शांतपणे विचारलं.

"म्हणजे... त... आमच्या माणसांनी गाडीतूनच... बाकीचं दुसऱ्या जागेच्या अहवालातून उतरवलं..." साहेबांची बोबडीच वळली!

ढापण्यानं मापांचा कागद पुढं केला. बाईंनी तो उभ्याउभ्याच वाचून काढला.

"महिनाभर ही फाईल आमच्याकडे होती. पाच शिकलेली माणसं आम्ही, पण तो तक्ता एकानंही नीट पाहिला नाही. लाज वाटते मला." त्या कारकुनाकडे वळल्या. "प्रस्ताव नामंजूर! आणि हरकत या तिघांच्या नावानं लिहून घ्या. शाबास रे पोरांनो! तक्ता कोणी शोधला?"

"मी," गोगलगाय म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. आत्यानं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की कौतुक होतं तरी तो कळवळला.

एका पायात बूट घातलेले साहेब लंगडत गाडीकडे निघाले. भिंगरीजवळ येताच ते थांबले. "फार खूश होऊ नकोस, पोरी. आम्ही नवा अहवाल घेऊन परत येणार आहोत."

"या की!" भिंगरी त्यांच्या नजरेला नजर देत म्हणाली. "तोही आम्ही पान न् पान वाचू!"