शेवटचं रीळ

हे कुणी रचून सांगितलेलं नाही. माझ्या मावसबहिणीच्या, चारुताताईच्या घरात घडलंय. जपानमध्ये, सेंदाईला, गेल्या फेब्रुवारीत. विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

शेजारचे कुदो-सान म्हातारे, एकटे. मूकपटांच्या काळात त्यांचे वडील पडद्याशेजारी उभं राहून प्रेक्षकांना गोष्ट सांगायचे. हॉस्पिटलमध्ये जाताना कुदो-साननी एक गंजका डबा ताईच्या हाती दिला.

"अमेरिकेतला जुना सिनेमा आहे. घोडेस्वारांचा, वेढा पडलेल्या किल्ल्याचा. बाकी सगळा नष्ट झाला, हे शेवटचं रीळ उरलंय. सांभाळाल ना?"

ताई हो म्हणाली.

पण डब्याला आंबूस वास यायचा. घरभर. म्हातारे आता कसले परत येतात, असं तिच्या मनात आलंच.

कचरा वेगळा करण्यात ताई पक्की. एका सकाळी तिनं डबा पत्र्याच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकला. रीळ जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत. चुकीची पिशवी असली की गाडीवाले स्टिकर लावून ती तिथंच सोडतात. ताईच्या पिशवीवर आजवर स्टिकर लागलं नव्हतं.

त्याच दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. कुदो-सानचा आवाज खोल गेलेला.

"रीळ...?"

"सुरक्षित आहे," ताई म्हणाली.

आणि चप्पल न घालताच खाली धावली. आज तरी स्टिकर लागलेलं असू दे...

जागा रिकामी होती.

संध्याकाळी कुदो-सान गेले.

पुढच्याच आठवड्यात, दिवेलागणीला, आतल्या खोलीतून आवाज आला. घर्र... घर्र...

वॉशिंग मशीन बंद होतं. नवरा, अंबरीष, विद्यापीठातून यायचा होता.

ताई आत गेली. तिची सहा वर्षांची लेक आर्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसलेली. आणि तोच आंबूस वास...

आर्या जपानीत बोलत होती. त्यात नवल नाही, ती एरवीही बोलते. पण ही शाळेतली भाषा नव्हती. जुनी होती, ठेक्यात, घसा ताणून बोललेली.

"बर्फ पडतोय... किल्ल्यातलं धान्य संपलं... मदत आणायला गेलेला स्वार परततोय... फाटक दिसू लागलं... आणि..."

ती थांबली.

"आणि काय गं?"

आर्यानं मान वळवली. मराठीत म्हणाली, "कुदो-आजोबांना पुढचं आठवत नाही. ते म्हणतात, शेवटचं रीळ आईकडे सुरक्षित आहे."

ताईनं आर्याला जवळ ओढलं.

"उद्या दाखवते," एवढंच तिच्या तोंडून निघालं. दुसऱ्यांदा खोटं का बोलली, हे तिला अजून सांगता येत नाही.

त्यांनी सेंदाई सोडलं. आता दूरच्या शहरात, तोयोसुला, उंच इमारतीत राहतात.

परवा मी फोन केला. बोलता बोलता मागे काहीतरी घरघरलं... आर्याचा आवाज आला, फाटकापर्यंत पोहोचला आणि थांबला.

"उद्या, नक्की," ताई रडवेल्या आवाजात म्हणाली.

आणि फोनमध्ये, अगदी माझ्या कानाशी, एक म्हातारा आवाज हळूच म्हणाला...

"अरिगातो."

धन्यवाद. तेवढं जपानी मलाही कळतं.