आणि पार्टी

"यशोदे, मीठ टाकलं का यात? नुसतं कोमट पाणीच लागतंय," सावळीराम गुळणी थुंकून घोगऱ्या आवाजात म्हणाला, आणि स्टोव्हला पंप मारणारा यशोदाचा हात जागीच थांबला…

दवाखान्यातली आयाची ड्युटी उरकून ती आत्ता कुठे घरात टेकली होती, पोरे भुकेने भुणभुण करीत होती, सासूबाईंचे गुडघे चोळायचे राहिले होते, आणि जयंतीचे दिवस म्हणून संध्याकाळी दिंडोरीला गाण्याचा कार्यक्रम! एका बाईने करायचे तरी काय काय? लग्न झाल्यापासून हेच. द्वारका चौकातल्या गॅरेजातला हा फिटर स्टेजवर चढला की गायक, समाजाचा लाडका. आणि त्याच्या मागे बसून टाळी देणारी, झील ओढणारी, म्हणजे त्याच्यामागून ओळीचा दुसरा तुकडा म्हणणारी ती कोण? पत्रकावर छापलेले असायचे, 'गायक सावळीराम आणि पार्टी'. त्या पार्टीत पेटीवाला गोटीराम होता, ढोलकीवाला वाळू होता आणि तीही होती.

"कार्यक्रम रद्द म्हणून निरोप धाडतो," सावळीराम म्हणाला. "जयंतीपासून रोज ओरडतोय. गळा पार बसला."

"नका धाडू. मी म्हणते."

तो हसला. ते हसणे तिच्या काळजात रुतले.

"तू झील ओढतेस, यशोदे. गाणं म्हणणं निराळं. त्याला रोजचा रियाज लागतो. मग घराकडं कोण बघंल?"

"आतापर्यंत कोण बघत होतं?" तिने पुन्हा पंप मारायला घेतला. "तुमचा रियाज चालायचा तवा भाकरी कोण थापत होतं? मला घर पायजे तसं गाणंबी पायजे. एक सोड म्हणून मला सांगू नका आता… आज गाऊ दिलं नाय, तर यापुढं मी टाळीलासुद्धा येणार नाय."

"जा गं तू," खाटेवरून सासूबाई, कुसाबाई, म्हणाल्या. "पोरांना मी घालते जेवायला. याचं काय ऐकत बसतीस."

दिंडोरीचा मंडप गच्च भरला होता. यशोदा माइकपुढे बसली, तिच्या नेहमीच्या जागी मागे सावळीराम बसला, गोटीरामने सूर धरला… आणि ती गप्पच! इतक्या वर्षांची मेली सवय! ओळीचा पहिला तुकडा त्याचा, दुसरा तिचा. तो कधी म्हणतो याची ती वाट बघत राहिली, आणि ठेका आला तशी गाऊन गेली, "उजेड आणला घरी…"

"बाई, पण आणला कुणी?" श्रोत्यांमधून कोणीतरी विचारले, आणि सगळा मंडप खदखदला.

धरणी पोटात घेईल तर बरे, असे तिला झाले. तिने डोळे मिटले, संतापाने, लाजेने, आणि पहिला तुकडा घेतला, "पाटी घेऊन गेली लेक…" असा मोकळा, असा भरलेला आवाज, की हसणारे जागीच गप्प झाले. पण सवयीने ती पुन्हा तिथेच थांबली. आता दुसरा तुकडा कोण घेणार? घेणारी तर माइकपुढे बसली होती.

"उजेड आणला घरी…"

फाटका, चिरका आवाज. सावळीरामचा! लोक पोट धरून हसू लागले. ज्याच्या आवाजासाठी गावेच्या गावे लोटायची, तो साऱ्या दिंडोरीपुढे स्वतःचे हसे करून घेत होता, आणि थांबत नव्हता. तिने ओळ टाकली की तो उचलत होता. यशोदाचे डोळे वाहू लागले, आणि तिला त्याचा रागही आला.

"अहो, सूर उतरतोय तुमचा," ती मागे वळून म्हणाली. माइक समोर आहे याचे भान तिला कुठले!

सावळीरामने बाहीने डोळे पुसले. "इतकी वर्षं तू सांभाळत होतीस, मला कळलंच नाय," तो म्हणाला. "उद्यापासून रियाजाला पेटीपाशी तू बस. भाकरीचं मी बघतो."

"करपतील."

"करपू दे."

सगळ्या मंडपाने ते ऐकले. यशोदाने पदराने तोंड पुसले आणि गाणे पहिल्यापासून घेतले.