पिशवी नसलेला कॅमेरा

“हा बारावा,” सायकलवरून न उतरताच तोय म्हणाला. “हाही पिशवीतच.”

न्हाव्याच्या दारावरचा कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेला होता. सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या सणात सगळं गाव तीन दिवस एकमेकांवर पाणी ओततं, म्हणून दुकानदार आदल्या दिवशीच कॅमेऱ्यांना पिशव्या चढवतात. सण होऊन दहा दिवस झाले, तरी एकाही पिशवीची गाठ सुटली नव्हती.

“पिशवीतून काय दिसणार? धुकं,” जुक म्हणाली. ती दहा वर्षांची, तिघांत सगळ्यात धाकटी.

फाईने पुढच्या दुकानाकडे सायकल वळवली. तिचे बाबा दहा दिवस कोठडीत होते.

सणाच्या शेवटच्या दिवशी खाम आजीला पुलाच्या तोंडाशी कुणाची तरी पिकअप उडवून गेली. कुणाची, ते कुणी पाहिलं नाही. आजी रस्त्यात पडलेली दिसताच एकाने मोबाइलवरून मदत मागवली, तो फोन चार चोपन्नचा. पुलाजवळ पिशवी नसलेला कॅमेरा एकच, जुकच्या आईच्या दुकानातला. त्यात चार बावन्नला पुलाकडे जाताना दिसत होती बाबांची भाजीची हिरवी पिकअप. पुढे पोचा आलेली.

“पोचा जुना आहे. मी साडेचारलाच तिथून गेलो,” बाबा सांगत राहिले. ऐकतंय कोण? उद्या कोर्ट होतं, आणि खाम आजी अजून शुद्धीवर आली नव्हती.

तिघं जुकच्या दुकानात परतली, तेव्हा आत पोलीस होते. चित्रफितीची नक्कल न्यायला जिल्ह्याहून अरुणीबाई आल्या होत्या. त्यांनी कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राला हात लावण्याआधी आपला मोबाइल यंत्राच्या घड्याळाशेजारी धरला आणि दोन्हींचा एकत्र फोटो काढला.

“असं का?” जुकने विचारलं.

“यंत्राच्या घड्याळावर विश्वास ठेवायचा नसतो, पोरी. खरी वेळ वेगळी, यंत्राची वेगळी.” त्यांनी वहीत दोन रकाने आखले. “हे मात्र बरोबर दिसतंय.”

“दिसणारच,” गावचे हवालदार वीरायुत ऐटीत म्हणाले. “चुकीचं होतं. परवा मीच बरोबर करून दिलं.”

अरुणीबाईंची लेखणी थांबली. “किती मिनिटं चुकलं होतं?”

“असतील थोडीफार.”

“पुढे होतं की मागे?”

हवालदारांनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. “लिहून नाही ठेवलं, मॅडम.”

“म्हणजे बाबांची वेळ चुकीची असू शकते?” फाईने विचारलं.

“असू शकते. पण ‘असू शकते’ कोर्टात चालत नाही, बाळ. आणि हे यंत्र दहा दिवसांनी जुनं पुसून नवं भरतं. अपघाताचा तो दिवस आज संध्याकाळपासून पुसायला लागेल. मी नक्कल घेते, तोवर बसा हवं तर. आशा मात्र धरू नका.”

जुकच्या आईने मोसंब्याचं सरबत आणून ठेवलं. कुणी प्यायलं नाही. तिघं पडद्यासमोर बसली. आवाज नव्हता, नुसती मुकी माणसं भिजत होती.

“खरी वेळ ठाऊक असलेलं काहीतरी हवं. बर्फवाल्याची गाडी शोधू,” तोय म्हणाला. “तो पाचला येतो.”

“तो पाचला येतो असं तो म्हणतो,” जुक म्हणाली. “आई त्याला रोज शिव्या देते ते उगाच?”

“मग सावली मोजू.”

“मोज. गणितात तुला सात मार्क आहेत.”

फाईच्या डोळ्यांसमोर दिवस सरत होता. उन्हं उतरली, सावल्या लांबल्या, सणाची संध्याकाळ झाली. शेवटी जुकने पडद्यावर टिचकी मारली. “घ्या. हेही बंद पडलं. चित्र अडकलं.”

बाजारातली सगळी माणसं जागच्या जागी उभी होती. एका माणसाच्या हातात बादली तशीच तिरकी.

“अडकलं नाही,” फाई सावकाश म्हणाली. “बादलीतून पाणी पडतंय बघ.”

मग तिघांनाही एकदम कळलं. रोज सकाळी आठच्या आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला भोंग्यावर राष्ट्रगीत लागतं, आणि बाजार, रस्ता, भांडणं, सगळं उभं राहतं. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ होती सहा तेवीस.

“घड्याळ तेवीस मिनिटं पुढे होतं,” फाईचा आवाज चिरकला.

अरुणीबाई वाकून पाहू लागल्या. “एकदा दिसणं योगायोग. अजून दाखवा.”

मुलांनी दुसऱ्या सकाळचं आठचं राष्ट्रगीत शोधलं. माणसं उभी, आठ तेवीस. त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा सहा तेवीस. अरुणीबाईंनी एकेक वेळ वहीत उतरवली. “म्हणजे हिरवी गाडी गेली चार एकोणतीसला. दर मिनिटाला गाडी जाणाऱ्या पुलावर आजी फोन होईपर्यंत कुणाला न दिसता पडून राहिली, हे शक्य नाही.” त्यांनी यंत्राची पाच पंधरा, म्हणजे खरी चार बावन्न, काढली. पुलाकडे एक पांढरी पिकअप सुसाट गेली. मागे ढोल वाजवणारी पोरं, अंगाला सणात फासतात ती पांढरी माती, आणि नंबराच्या पाटीवरही तीच माती थापलेली.

“नंबर?” तोयने विचारलं.

“माती,” अरुणीबाई म्हणाल्या. “अशा गाड्या जिल्ह्यात हजारांनी आहेत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा सुटून आले. घराच्या ओट्यावर गावातली म्हातारी माणसं जमली आणि हरवलेल्या जिवाला घरी बोलावत बाबांच्या मनगटांना पांढरे दोरे बांधू लागली.

ये रे जिवा, ये घरा,
काट्यातून ये, कुंपणातून ये,
थंड फरशीवरून उठून ये.

हवालदारांनी एक दोरा जुकच्या हाताला बांधला. “आम्हाला जमलं नाही ते या पोरांनी केलं,” ते ओशाळून म्हणाले. आज्यांनी तिघांच्या डोक्यावरून हात फिरवले. अरुणीबाईंनी निरोप धाडला होता, मोठी झालात की माझ्याकडे या.

बाबा मात्र भाताला शिवले नाहीत. माणसं पांगल्यावर ते मागच्या रांजणापाशी बसले. फाई जवळ गेली.

“माझी गाडी जाताना तू पाहिलीस?”

“हो, बाबा.”

“हात दिसला?”

फाईने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. “कडेला. नुसता हात. छत्री धरलेला.”

“खाम आजी पुलापलीकडे सोड म्हणत होती. मी म्हटलं, भाजी सुकेल, येताना घेऊ तिला.” त्यांनी मनगटावरचे दोरे एका हाताने सारखे केले. “म्हणजे ती तिथंच माझी वाट बघत उभी होती. तेवढा वेळ.”

राष्ट्रगीत, घड्याळ, यंत्र, यातलं काहीच आता कामाचं नव्हतं.

“दवाखान्यात जाऊ या?” फाई म्हणाली.

“ती ओळखणार नाही.”

“तरी.”

हिरवी गाडी अजून पोलिसांच्याच आवारात होती. दोघं पायी निघाली. दवाखाना चार किलोमीटर, ऊन अजून तापलेलं. पुलापाशी एक पिकअप हळू झाली. “साकोन, येता का? सोडतो.”

बाबांनी हात जोडले, मान हलवली, आणि ते चालत राहिले.